तीन नंबरची वायर

चालू इंजिनवर कान देऊन गॅरेजवाल्या बन्सीने तोंड वाकडं केलं.

“कवापासनं थरथरतीया, आप्पा?”

“लय दिस झालं. उभी केली की हादरती, आन् भुलेश्वरच्या चढाला तर पार धाप टाकती.”

“मंग वय झालं तिचं. तुम्ही तरी चढताय का आता भुलेश्वर?”

रखमाजी आप्पा हसले. मुलाने, सत्यजीतने, नवी मोठी गाडी घेतल्यापासून ही वीस वर्षांची पांढरी गाडी भांडगावच्या घरी दारातच उभी असे, आणि तिच्या शेजारच्या बाकावर आप्पा. आज सकाळी सातला ते तिच्यात बसून निघाले, ते मुद्दामच कुणाला न सांगता. बघू तरी, कोणी विचारतं का. यवतला पोचायला किती वेळ लागणार! गॅरेज उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते. नंतर आलेल्या दोघातिघांना त्यांनी रांगेतला आपला नंबर देऊन टाकला. घाई नव्हती. आता दीड वाजला होता.

आप्पांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला.

“कुणाचा फोन यायचाय का?”

“न्हाई रं. टाइम बघितला.”

समोरच्या भिंतीवर हातभर घड्याळ होतं.

बन्सीने रबराच्या मुठीची पक्कड घेतली. इंजिन चालूच ठेवून प्लगची पहिली वायर उपसली. गाडी गचके खायला लागली. ती बसवून दुसरी उपसली, तेच. तिसरी उपसली तर काहीच नाही. आधी जशी थरथरत होती तशीच थरथरत राहिली. चौथीला पुन्हा गचके.

“घावला. तीन नंबरचा सिलिंडर मेलाय.”

“कशावरनं?”

“वायर काढली तरी गाडीला पत्ता न्हाई, आप्पा. काढून बी ज्याचा फरक पडत न्हाई, त्यो आधीच बंद पडल्याला असतो.”

आप्पा त्या वायरीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा फोन काढला. रेंज होती. चार्जिंगही होतं. लेकाचा, सुनेचा, नातवंडांचा, कुणाचाच फोन येऊन गेलेला नव्हता. माणूस सकाळपासून घरात नाही, जेवणाची वेळ टळून गेली. एवढ्या वेळात शेजाऱ्याची शेळी दिसली नसती तरी गावभर हाळी गेली असती. त्यांना फार वाईट वाटलं.

“किती दिस झालं आसतील रं त्याला?”

“सा म्हयनं तरी. बाकीची तिघं ओढत्यात की. घरच्यांना कळत बी न्हाई.”

बन्सीने इंजिन बंद करून प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. नवा घालून गाडी चालू केली, तरी गुण आला नाही. मग त्याने वायर उजेडात धरून वाकवली. आतून तुटलेली होती.

“सिलिंडर चांगला हाय, आप्पा! ह्याच्यापातूर ठिणगीच पोचत नव्हती. त्यो बिचारा काय करंल?”

नवी वायर बसवली आणि इंजिनचा आवाज एकदम निवळला. गाडी थरथरायची थांबली. बन्सीने खात्रीसाठी तीच वायर पुन्हा उपसली. गाडी हिसका देऊन पुन्हा थरथरायला लागली.

“बघा! आता पडतोय का न्हाई फरक?”

वायर परत बसवतोय तोवर आप्पांचा फोन वाजला. त्यांच्या हातातून पडता पडता राहिला. ऐकायला कमी येत असल्यामुळे फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. समोरच्या चहावाल्यालाही ऐकू जावा इतका.

“आप्पा, गाडी कुठं गेली? दारात न्हाई.”

“माझ्यासंगं हाय.”

“मंग ठीक हाय. मला वाटलं, चोरीलाच गेली. लवकर आणा, पंपाची मोटर दौंडला न्यायचीय. नव्या गाडीत घाण व्हईल.”

फोन बंद झाला. बन्सी खाली बघून फडक्याला हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“सत्यजीत व्हता,” आप्पा म्हणाले. “कुठं हाय म्हनून इचारत व्हता. जेवायला थांबल्यात समदी.”

“मंग निघा की,” बन्सी म्हणाला. “ताट निवंल.”

आप्पा गाडीत बसले. मग त्यांनी किल्ली फिरवली, आणि चालू इंजिनवर स्टार्टर करकरून ओरडला. बन्सी धावत आला.

“चालू हाय, आप्पा! चालूच हाय ती!”

“व्हय?” आप्पांनी किल्लीवरचा हात काढला. “कळलंच न्हाई रं.”