शिक्का नसलेलं पुस्तक

त्या पुस्तकावर बंदी मागणाऱ्यांनी वाचनालयाच्या काचा फोडल्या, तरी ग्रंथपाल बाईंनी ते कपाटातून हलवलं नाही. नेणारे मात्र हळूच म्हणायचे, "बाई, नेल्याचा शिक्का नको हं, उगाच डोक्याला ताप." बाई तसंच द्यायच्या. हाताळून हाताळून त्याची बांधणी दोनदा करावी लागली.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "एकही शिक्का नाही! बंदीबिंदीचं राहू द्या. पाच वर्षं कोणी न नेलेलं पुस्तक रद्दीत, हा आपला साधा नियम. का हो बाई, नेतं का कोणी हे?"

बाईंनी टेबलाभोवती बसलेल्यांकडे पाहिलं. त्यांतल्या तिघांनी ते घरी नेलं होतं. तिघांच्याही माना खाली होत्या.

"नाही," बाई म्हणाल्या.

रद्दीच्या ठरावाला सगळ्यांचे हात वर झाले. त्या तिघांचे सर्वांत आधी.