दार्जिलिंगच्या अलीकडचं घर

आज डायलिसिस नव्हतं, उद्या होतं. म्हणून अच्युतरावांनी 'व्यापार'चा पट बायकोच्या पलंगावरच मांडला.

लग्नापासून या घरात एक नियम होता. पटावरचं जे गाव विकत घेऊ, तिथे रिटायर झाल्यावर जायचं. शालनताईंचा डोळा कायम दार्जिलिंगवर. सोंगटी एक घर अलीकडे राहिली, की त्या बेधडक ती पुढे ढकलायच्या. पण अच्युतराव पडले स्टेशनमास्तर. सिग्नल पडल्याशिवाय घरातसुद्धा हलायचे नाहीत. "पाचच पडलेत," असं म्हणून ते सोंगटी मागे आणायचे. इतक्या वर्षांत दार्जिलिंग काही त्यांनी बायकोला घेऊ दिलं नाही.

मार्चमध्ये ते रिटायर झाले आणि मेमध्ये शालनताईंच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. "आता लांबच्या प्रवासाचं नावच काढू नका," डॉक्टर म्हणाले.

शालनताईंनी सुजलेल्या हातानं फासे टाकले. तीन आणि दोन. अच्युतरावांनी बायकोची सोंगटी उचलली, मोठमोठ्यानं घरं मोजली आणि सहाव्या घरात ठेवली.

"आलं बघ तुझं दार्जिलिंग! घेऊन टाक."

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी एका बोटानं सोंगटी एक घर मागे सरकवली.

"पाचच पडलेत," त्या म्हणाल्या. "टाका आता तुम्ही."