फिरवण्याची शिक्षा

“स्वेटर कशाला? ती कुत्री नाही, उशी आहे. खोळ घाला.”

टायपिस्टबाईंचा हा मेसेज ‘मुकी लेकरं’ या प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर पडला आणि औषधांच्या दुकानातला मोबाइल खोकल्याच्या बाटल्यांमध्ये थरथरायला लागला. उशी ठरलेली कुत्री दंतवैद्याची होती. थंडीत तिला स्वेटर घालावा की नाही, एवढाच वाद होता. दंतवैद्याने तडक अॅडमिनला, म्हणजे दुकानवाल्या काकांना लिहिलं, “काका, या बाईंना आता कडक शिक्षा झालीच पाहिजे. मी गप्प बसणार नाही.”

काकांनी कपाळाला हात लावला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माणसांपेक्षा कुत्र्यांच्या बाबतीत जास्त खरी आहे, हे त्यांना ग्रुप काढल्यावर कळलं होतं. कुत्र्याचा पट्टा गळ्याला बांधावा की छातीला, यावरून बेकरीवाला आणि प्लंबर एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले, तेव्हा त्यांनी एक नियम केला. मत वेगळं असू द्या, पण पायरी सोडून बोलाल, तर ज्याला बोललात त्याचं कुत्रं आठवडाभर फिरवून आणायचं. ज्याचं कुत्रं रोज आपला हात चाटतं, त्याला वाईट बोलायला जीभ वळत नाही, असा काकांचा होरा होता. तो बरोबर निघाला. बेकरीवाला आता प्लंबरला ‘अहो’ म्हणतो. पण नियमाला एक शेपूटही होतं. एकाच माणसाला तिसऱ्यांदा दुखावलं, तर ग्रुपबाहेर.

बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. प्लंबरला त्यांनी लिहिलं होतं, “कुत्र्याला बसायला शिकवण्याआधी स्वतः गप्प बसायला शिका.” बेकरीवाल्याला म्हणाल्या, “तुमचा कुत्रा हुशार आहे, घर चुकलं त्याचं.” मांजरवाल्यांशी मात्र साखरेहून गोड. घरात मासे पाळणाऱ्या मास्तरांना तर रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवायच्या. शिक्षा झाली की ती बिनबोभाट भोगायच्या. उशीर नाही, कुरकुर नाही. दंतवैद्याच्या कुत्रीला तर त्यांनी दोनदा आठवडा आठवडा फिरवलं होतं, आणि तरी ही उशी!

फोनवर माणूस हाकलणं काकांना प्रशस्त वाटेना. दुकान पोरीवर सोपवून ते स्वतः बाईंच्या घरी निघाले. बाईंच्या मेसेजशेजारी जबडा वासलेल्या एका धिप्पाड कुत्र्याचा फोटो असे. म्हणून निघताना काकांनी खिशात दोन बिस्किटं टाकली. शिस्त वेगळी आणि पोटरी वेगळी.

दार बाईंनीच उघडलं. खोली लख्ख होती. खिडकीपाशी कापडाने झाकलेला टाइपरायटर, दोन खुर्च्या, एक स्टूल. खुर्चीवर केस नाही, कोपऱ्यात वाडगं नाही, वास नाही. काकांनी मुठीत बिस्किट धरून पलंगाखालीही नजर टाकली.

“कुठंय तो?”

“कोण?”

“फोटोतला.”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर होतं आणि त्यावर तोच कुत्रा जबडा वासून बसला होता.

आतल्या खोलीत कोणीतरी खूप वेळ खोकलं. “कोण आलंय गं?”

“औषधवाले आलेत, ताई. तू पडून राहा.” बाईंनी आतलं दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. “मोठी बहीण. दम्याची. कुत्र्याचा एक केस उडाला तरी श्वास अडकतो तिचा. फिरवून आले की मी जिन्यात कपडे झटकते, अंघोळ करते आणि मगच तिच्या खोलीत जाते. घरात कुत्रं आणायचं नावच नको.”

“अहो, मग सरळ विचारायचं लोकांना! तुमचं कुत्रं फिरवू का म्हणायचं.”

“विचारलं की. एकजण म्हणाले, कशाला उगाच त्रास. एकीने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. मग तुमचा नियम वाचला.” बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. “गोड बोलून कोणी कुत्रं देत नाही, अॅडमिनसाहेब. भांडलं की लगेच देतात.”

काकांना हसू यायला हवं होतं. पण त्यांना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. आपण मोठ्या अकलेने नियम केला आणि या बाईंना त्यात कुत्रं मिळवायचा एवढा एकच रस्ता सापडला.

बाईंनी मोबाइल स्टुलावर ठेवला. “काढा मला. नियम म्हणजे नियम. फक्त डॉक्टरांना सांगा, उशी मी उगाच म्हटलं. गुणी आहे ती. बागेच्या कारंज्याला घाबरते, तेवढं तिथून कडेकडेने न्या म्हणावं.” एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

काकांनी तिथूनच दंतवैद्याला फोन लावला. काकांना फोनवर कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर कायम चालू असायचा.

“डॉक्टर, माझं एक ऐका. मोठ्या मनाने तक्रार मागे घ्या.”

“मुळीच नाही!”

“अहो, पाया पडतो हवं तर. बाईंना ग्रुपबाहेर काढावं लागेल.”

“बाहेर? बाहेर कुणी काढायला सांगितलं?” दंतवैद्य ओरडलाच. “काका, त्यांचा आठवडा संपल्यापासून आमची कुत्री माझ्याबरोबर पायरी उतरायला तयार नाही. सकाळी दारात बसते आणि रस्त्याकडे बघून रडते. आठवड्याने माझं भागत नाही हो. जन्मठेप द्या बाईंना!”