नदीकडची खिडकी

बायको वळणाआड गेली आणि दिसेनाशी झाली.

"अगं, हळू. पुढे मोठं वळण आहे," तो मागून ओरडला. तिच्या सायकलच्या चाकाची किरकिर थोडा वेळ ऐकू आली, मग तीही झाडीत विरली. त्याने पोट सावरलं आणि जोरात पायडल मारलं.

या घाटात त्याने उभी हयात बस चालवली होती. वरच्या गावातून खालच्या गावात, आणि परत वर. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, दोन्हीकडे दाट जंगल. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. कुठलंही वळण आलं की हा हॉर्न वाजवणारच, म्हणून डेपोत सगळे त्याला भोंगा म्हणायचे. मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. ट्रक तिकडून जाऊ लागले, बसही तिकडूनच, आणि त्याच सुमाराला भोंगा निवृत्त झाला. जुन्या रस्त्यावर आता चिटपाखरू नसायचं. सायकलवाले काय ते यायचे.

"बाबा, असा रस्ता मिळावा म्हणून लोक कुठून कुठून येतात," मुलगी म्हणाली होती, "आणि तुम्ही घरात बसून टीव्हीवर दुसऱ्यांचे घाट बघता." एवढं बोलून ती थांबली नाही. तिने दोन सायकली आणून दारात उभ्या केल्या. त्याने आपल्या सायकलवर टॉवेल वाळत घातला. बायकोने मात्र शाळेमागच्या मैदानात गुपचूप सराव केला. खालच्या गावातल्या दवाखान्यात तिने नर्स म्हणून नोकरी केली होती, त्यामुळे ती पडली तरी मलमपट्टी तिची तीच करायची. आज सकाळी त्याचंच जुनं जाकीट घालून ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"मी निघाले. यायचं तर या."

तो आला, तो तिला सांभाळायला. पहिली काही वळणं तो पुढे राहिला आणि प्रत्येक वळणाला त्याने इमानेइतबारे घंटी वाजवली. "समोरून कोण येतंय, खार?" तिने मागून विचारलं. पुढच्याच उतारावर ती त्याच्या शेजारून सुसाट निघून गेली.

आणि आता ती दिसत नव्हती.

हे वळण त्याला तळहातासारखं माहीत होतं. अरुंद, आतल्या बाजूला कललेलं. बस इथे पहिल्या गिअरमध्ये रांगत न्यायची. सवयीने त्याची बोटं ब्रेकवर गेली. पण ब्रेक दाबला तर ती आणखी लांब जाणार. त्याने बोटं सोडली.

सायकल उडालीच. शर्टाचा फुगा झाला. कानात वारा घुसला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. झाडं दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती आणि मागे पडत होती. ना इंजिनाची घरघर, ना मागे पन्नास माणसांचे जीव. नुसता रस्ता आणि तो. क्षणभर आपण कशाच्या मागे धावतोय हेच तो विसरला. आठवलं तेव्हा लाज वाटली, पण बोटं ब्रेकवर गेली नाहीत.

वळण संपलं. कठड्याला टेकवलेली सायकल दिसली. ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून पाठमोरी उभी होती.

त्याने करकचून ब्रेक दाबले आणि जवळजवळ पडतच उतरला. "लागलं का कुठे?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. वळून बघितलंही नाही. चांगलं खडसावावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि ती बघत होती तिकडे त्याची नजर गेली.

खाली नदी होती. दोन डोंगरांच्या फटीतून ती हिरवीगार येत होती. मध्येच फाटत होती, झाडांनी गच्च भरलेल्या एका बेटाला दोन्ही बाजूंनी कवेत घेत होती आणि पुढे खडकांवर पांढरीशुभ्र होऊन पुन्हा एक होत होती. तिचा आवाज वरपर्यंत येत होता. हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"अगं, बेट आहे," तो म्हणाला. "नदीत बेट आहे. आणि ते बघ, ते बगळे. आपल्या खालून उडतायत. पाठी दिसतायत त्यांच्या." तो तिची बाही ओढत होता. इकडे बघ, तिकडे बघ, तो झरा बघ. त्याला काय काय दाखवू असं झालं होतं.

मग तो एकदम थांबला.

"मी आपला रस्ता आणि आरसा, याच्यापलीकडे कधी काही बघितलं नाही. पण तू तर रोज माझ्याच गाडीने दवाखान्यात जायचीस. पहिली सीट, नदीकडची खिडकी. कंडक्टर तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवायचा. एवढं सगळं रोज बघत होतीस, आणि घरी येऊन कधी एका शब्दाने बोलली नाहीस?"

ती त्याच्याकडे वळली. वाऱ्याने तिचेही डोळे भरून आले होते.

"मी आजच बघतेय," ती म्हणाली. "गाडीत माझेही डोळे रस्त्यावरच असायचे. प्रत्येक वळणाला तुमच्याबरोबर मीही ब्रेक दाबायचे."