विभाग तीन, माणसं दोन

"मामा, कात्री उलटी धरलीय तुम्ही!" थोरली ओरडली.

मामांनी कात्री सुलटी केली, अंगठा अडकवून पाहिला आणि पुन्हा उलटी धरली. "मला असंच बरं वाटतंय," ते म्हणाले आणि टेबलावर अंथरलेल्या कापडाकडे डॉक्टरांसारखं गंभीर तोंड करून बघू लागले.

थोरली खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

दोघी बहिणी जुन्या काळच्या ढंगाचे कपडे शिवून ऑनलाइन विकत. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, पाठीवर कापडाने मढवलेल्या बटणांची रांग. वेबसाइटवर धाकटीने हौसेने लिहून टाकलं होतं: आमचा कटिंग विभाग, आमचा शिवणविभाग, आमचा पॅकिंग विभाग. खरं पाहता तिन्ही विभाग म्हणजे ही एक खोली, एक मशीन आणि या दोघी. फोन आला की धाकटीच आवाज बदलून गिऱ्हाइकाला एका विभागातून दुसऱ्या विभागात जोडून द्यायची. निभत होतं. पण काल परगावच्या एका दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. माल कायमचा घ्यायचा आहे, पण आधी उद्या येऊन बघेन, म्हणाल्या.

हे दुकान मिळालं तर धंदा उभा राहणार होता. नाही मिळालं तर थोरली सोमवारपासून विमा कंपनीतल्या जुन्या नोकरीवर परत जाणार होती. बाबांना तिने तसा शब्द दिला होता.

म्हणून आज घरचीच माणसं गोळा करून विभाग भरले होते. मामा कटिंग मास्तर. आत्या पॅकिंगला, ती मघापासून एकच फ्रॉक घडी करत होती आणि उलगडत होती. बाबा हिशेबनीस.

बाबांना विचारायची छाती धाकटीनेच केली होती. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्या माणसाची हयात गेलेली.

"मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले होते.

"बोलू नका हो. नुसते बसा."

"तुमच्या भातुकलीत मी कशाला?"

तरी येऊन बसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत, तोंडासमोर पेपर धरून. वर्षभर ते या खोलीत असेच बसत. एक फ्रॉक कधी हातात घेतला असेल तर शपथ.

बेल वाजली. धाकटीच्या हातातून टाचण्यांची डबी निसटली आणि खोलीभर टाचण्याच टाचण्या झाल्या.

मालकीणबाई उंच होत्या, प्रवासाने दमलेल्या. चपला दाराशी काढून आत आल्या आणि धाकटी मास्तर, पॅकिंग, हिशेबनीस अशी एकेकाची ओळख करून देत असताना टाचण्या चुकवत सगळीकडे फिरल्या. मामांपाशी थांबल्या.

"एका वेळी किती थर कापता?"

"थर?" मामांनी कात्री छातीशी धरली. "ते... कापडाच्या मनावर असतं."

आत्याला खोकला आला. थोरलीला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

बाईंनी हँगरवरचा फ्रॉक काढला आणि उलटा केला. चष्मा लावून शिवण पाहिली. मग पाठीवरच्या काजांवरून एकेक करत बोट फिरवलं. कोपऱ्यात पेपरचं पान उलटलं.

"ही काजं दोन वेगळ्या हातांची आहेत," बाई म्हणाल्या.

"हो ना," धाकटी बोलून गेली. थोरलीने तिला चिमटा काढला. "म्हणजे, आमच्याकडे पुष्कळ कारागीर आहेत, त्यामुळे..."

बाईंनी फ्रॉक सुलटा केला, हँगरला लावला, त्याची कॉलर हलक्या हाताने नीट केली.

"छान आहे. माझाच अंदाज चुकला. नमुना मागवला तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी दोघं घरी बसून जिवापाड शिवताहेत. मी तसाच माल ठेवते दुकानात. शिवणाऱ्याला मी ओळखते, असं गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे मला. मास्तर, हिशेबनीस, विभाग... असे कारखाने रोज दारात येतात माझ्या. येते मी."

थोरली दोन पावलं त्यांच्या मागे गेली आणि थांबली. काय सांगणार? पुष्कळ कारागीर म्हणून आत्ताच तर सांगितलं होतं. आता खरं बोललं तरी ते आणखी एक सोंगच वाटणार. धाकटी खाली बसून एकेक टाचणी वेचू लागली, कारण वर बघवत नव्हतं. बाई दाराशी पोचल्या. एक पाय चपलेत गेला.

पेपर खाली आला. बाबा उभे राहिले.

"बाई, थांबा. इथे सगळं खोटं आहे."

थोरलीने डोळे मिटले. वर्षभर हेच तर म्हणत होते ते. तिला सोमवार समोर दिसला.

"मी हिशेबनीस नाही, यांचा बाप आहे," बाबा म्हणाले. "हा माझा मेहुणा. याला रुमालसुद्धा कापता यायचा नाही. ही माझी बहीण, दुपारच्या झोपेतून उठवून आणलीय. आम्ही सगळे खोटे. खऱ्या तेवढ्या या दोघी." त्यांनी हँगरवरच्या फ्रॉककडे बोट केलं. "वरची काजं थोरलीची, खालची धाकटीची. धाकटी दोरा थोडा जास्त ओढते. मी रोज बघतो."

बाईंनी चपलेतला पाय बाहेर काढला.