हाकेच्या अंतरावरचं घर

दाराच्या कडीला लटकवलेला बॅगा तोलायचा काटा.

सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. न्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही.

झाकण चेपलेला स्टीलचा डबा.

कपाटावर चिकटवलेला कागद, डॉक्टरांच्या हातचा. डाव्या कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात स्प्रे.

आणि फोनमध्ये एक रस्ता. रुंद, झाडलेला, दुपारच्या उन्हातला. त्यावर माणूस एकच, सर्वेश.

सुशांतचा हा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला होता. आता सुशांतलाही तिथे मशीनवर काम लागलं होतं; मरोळच्या वर्कशॉपमधले त्याचे शेवटचे तीन आठवडे उरले होते. भाड्याचं घर मात्र इथूनच ठरवायचं होतं. सर्वेश दर शनिवारी त्यांच्या वतीनं एकेका उपनगरात घरं बघत हिंडायचा आणि फोनवरून दाखवायचा. आजचं घर हवं असेल तर तासाभरात अर्ज भरा, नाहीतर गेलं समजा, असं त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं.

घाटकोपरला, भटवाडीतल्या चाळीत सकाळचे आठ वाजत होते. सुशांत आणि अपूर्वा एका फोनवर डोकी टेकून बसले होते. सात वर्षांची निधी जमिनीवर पालथी पडून स्केचपेनं तपासत होती. सुकलेली इथेच राहणार होती.

सुशांत विचारत होता ते सगळं बरोबर होतं. शाळा किती लांब, स्टेशनला बस आहे का, घरात ऊन येतं का. उत्तरंही चांगली येत होती. अपूर्वा गेले पंधरा दिवस दुसरंच मोजत होती. नकाशावर वरून दिसणारी उपनगरं मोठी करकरून ती दोन घरांमधली जागा बघायची. कुठे मध्ये गॅरेज, कुठे कुंपण, कुठे नुसतंच गवत. मंगळवारी तिला एक जागा सापडली. लांबच लांब छपरं, भिंतीला भिंत, एका ओळीत तीस दारं. अगदी आपली चाळ. सुशांत कामावरून आला तसा तिनं त्याच्या हातात पाण्याच्या आधी फोन दिला. इथेच बघू या, म्हणाली. सुशांत हसला. मग त्याला तिचं तोंड दिसलं आणि त्यानं हळूच सांगितलं. ती घरं नव्हती. लोकांचं जास्तीचं सामान ठेवायच्या खोल्या होत्या. तीस दारं, तीस कुलपं, आत माणूस नाही.

"वहिनी, तुम्ही काहीच विचारत नाही," सर्वेश फोनमधून म्हणाला. "पसंत नाही का?"

अपूर्वानं फोन जवळ ओढला. "भावजी, तिथेच थांबा. आणि एकदा हाक मारा."

"कोणाला?"

"कोणालाही. जोरात."

सर्वेश हसला. सुशांत हसला नाही.

"इथे असं ओरडत नाहीत हो. लोक पोलिसांना फोन करतील."

"करू देत. कोणीतरी ऐकलं एवढं तरी कळेल."

मग, काय ओरडू, असं सर्वेशनं विचारलं, पण आता चेष्टेनं नाही. अपूर्वा म्हणाली, "मी ओरडेन ते."

त्यानं फोन हातभर लांब धरला. रस्ता, दोन्ही बाजूंची घरं आणि त्याची हनुवटी दिसू लागली. गावाकडे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर पोचवायचा आवाज त्यानं काढला.

"कोणीतरी या हो! धावा!"

फोनचा आवाज फुटला. निधीनं मान वर केली.

रस्ता तसाच. शेजारच्या घराचा पडदा हलला नाही. समोरच्या अंगणात लहान मुलाची सायकल आडवी पडली होती, ती तशीच राहिली. लांबून एक गाडी आली, सर्वेशपाशी जराशी मंदावली आणि निघून गेली. अपूर्वा मनात मोजत होती. आपण मोजतोय हे तिला अकराव्या आकड्याला कळलं. विसाव्याला तिच्या पाठीमागे दार भिंतीवर आपटलं. वजनाचा काटा खाली पडला.

दारात शेजारची मालनमावशी उभी होती, हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठात.

"काय झालां गो? चेडू बरां आसा मां?"

तिच्या मागे समोरची जयंती, हातात पिळलेली चादर. तिच्या मागे चाळीतलाच धोंडू, ब्रश तोंडातच. तिघांनीही आधी जमिनीवर पोरीकडे बघितलं. निधी त्यांच्याकडे बघत होती, जांभळं स्केचपेन हातात धरून.

काही नाही, फोनमधला आवाज होता, असं सुशांतनं सांगितलं. त्यावर कोणी हललं नाही. जयंतीनं आत येऊन निधीच्या कपाळाला हात लावला. मग धोंडू तोंड धुवायला गेला.

"दादा," सर्वेशला धाप लागली होती, "पुढचं घर दाखवू? पण तेही असंच आहे रे."

सुशांतनं अपूर्वाकडे बघितलं. ती फोनकडे बघत नव्हती. मालनमावशीच्या पिठाचे ठसे दाराच्या चौकटीवर उमटले होते, ते बघत होती.

निधीला फिटचा पहिला झटका आला तो मार्चमधला गुरुवार होता. सुशांत कामावर होता आणि अपूर्वा भाजी आणायला खाली गेली होती. स्टीलचा डबा पडून झाकण चेपलं, तो आवाज मालनमावशीनं भिंतीपलीकडून ऐकला आणि ती धावत आली.