गाई न देता

पोंडोलँडच्या उतारावर नोझिबेले म्हातारी गांजाची रोपं खुरपत होती. कंपनीचा माणूस बियांचं पाकीट नाचवत आला.

"मावशी, तुझं गावठी वाण उपटून टाक. यापुढे आम्ही माल घेणार तो फक्त या संकरित बियाण्याचा. याची आई तुमच्याच डोंगरातली, बाप अफगाणिस्तानचा. तरतरी आईची, ठेंगणा बांधा बापाचा, आणि पीकही लवकर! पाकिटाचे पैसे तेवढे पडतील."

"आमची पोर नेलीत, तेव्हा आमच्या दारात किती गाई बांधल्यात?"

"गाई? कसल्या गाई?" तो हसला.

नोझिबेलेने त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं.


"आमच्यात पोरीच्या माहेरी गाई न देता झालेलं लेकरू आईच्या घरचं असतं. नातवंडं घरी पोचवलीस ना, आता जेवून जा!"